नाग नदीकाठून समुद्रापर्यंत: निसर्ग, भूप्रदेश आणि अभियांत्रिकी वारशाची पुस्तकं वाचायला सुरुवात कशी करावी

नागपुरात उगम पावलेली नाग नदी पुढे कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला जाऊन भेटते, वैनगंगा वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळते. कथा-कादंबऱ्यांपलीकडे जाऊन डोंगर, जंगल, धरणं, रेल्वे, जहाजं यांवरची पुस्तकं वाचायची इच्छा असलेल्या नवख्या वाचकाला माझा एकच सल्ला आहे: या पाण्याच्या वाटेनं वाचा. दुकानात दिसणाऱ्या हिमालयाच्या आणि ॲमेझॉनच्या चकचकीत पुस्तकांपासून सुरुवात करू नका. जी जागा आपण पायांनी ओळखतो तिच्यावरचं पान वाचताना लेखक कुठे नेमका आहे आणि कुठे भरकटतोय ते कळतं. ही पारख एकदा आली की दूरच्या प्रदेशाचं पुस्तकही नीट वाचता येतं.

पहिली पायरी: पुस्तकाआधी नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे ओपन सिरीज नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतात. नागपूर आणि आजूबाजूचा भाग असलेली दोन-तीन पानं घ्या आणि शक्य तितक्या मोठ्या आकारात छापून घ्या. मोबाइलवरचा नकाशा रस्ता शोधायला पुरतो, पण सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा, नाले, तलाव आणि जंगलाची हद्द एकत्र पाहायची तर कागदच हवा. पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडू नका. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा शोधा, नाग नदीवर निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढा, आपलं घर कुठल्या नाल्याच्या पाणलोटात येतं ते बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून शहरात पाणी शिरलं, तेव्हा ते कोणत्या वाटेनं गेलं हे समोच्च रेषांवरून सहज समजतं.

नकाशा कसा तयार होतो याचं कुतूहल इथंच जागं झालं तर जॉन की यांचं ‘द ग्रेट आर्क’ हे २००० साली आलेलं छोटेखानी इंग्रजी पुस्तक घ्या. ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे साऱ्या मोजणीचा आधार असलेली पहिली रेघ, मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली, त्याची ही हकिकत. लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी वारला तो आपल्या हिंगणघाटला, नागपूरकडे येत असताना. त्याची कबर तिथंच आहे. सिव्हिल लाइन्सकडे जाताना आपण ज्या झीरो माइलच्या खांबावरून रोज जातो, तिथला १९०७ सालचा प्रमाण उंचीचा बिंदू त्याच मोजणीच्या परंपरेतला. जगाच्या इतिहासातल्या एका प्रचंड मोजणीचे दोन खुणेचे दगड आपल्या एवढ्या जवळ आहेत, तर वाचनाची सुरुवात दुसरीकडून का करावी?

दुसरी पायरी: पायाखालचा दगड

नागपूर दोन भूप्रदेशांच्या शिवेवर वसलं आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स त्यातल्याच. पूर्वेकडे गेलं की त्याहून कितीतरी जुने ग्नाइससारखे खडक लागतात. कामठीच्या बाजूला कोळसा पोटात असलेले गोंडवना काळातले थर आणि रामटेक-मनसरकडे मँगनीज. तासाभराच्या अंतरात एवढं वैविध्य क्वचितच कुठे मिळेल.

भूशास्त्राची पुस्तकं नवख्याला अवघड वाटतात, कारण तो पहिल्या पानापासून वाचू लागतो. तसं करू नका. आधी मराठी विश्वकोशातल्या बेसॉल्ट, दख्खन ट्रॅप (पठारावरचे लाव्हाचे थर), जीवाश्म या नोंदी वाचा. विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे आणि मराठीत या विषयाची परिभाषा पक्की करायला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं साधन मला माहीत नाही. मग डी. एन. वाडियांच्या ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’मधलं फक्त दख्खन ट्रॅपचं प्रकरण. पुस्तक १९१९ चं आहे, पुढे त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. मिळेल ती सर्वांत नवी घ्या, कारण खंड सरकतात हा विचारच मधल्या काळात रुजला. लाव्हाचं वयही आता अधिक काटेकोरपणे ठरलं आहे: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं.

यातलं सर्वांत आपलं पान आहे नागपूरच्या टाकळीचं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. टाकळीच्या आसपास लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात त्याला गोड्या पाण्यातले शिंपले, वनस्पती, कीटक यांचे जीवाश्म सापडले. याचा अर्थ ज्वालामुखी मधूनमधून थांबत होता, आणि त्या विसाव्याच्या काळात इथं तळी साचली, झाडं वाढली, मग पुन्हा लाव्हानं सगळं झाकलं. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात डायनासोरची हाडं मिळाली आहेत, तिथूनही त्यानं नमुने गोळा केले होते. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं (गोलाकार मांडलेले प्राचीन दगड) पाहून बोरीकडे परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची अशीच शिळावर्तुळं आजही पाहता येतात. प्रकरण वाचून झालं की एका सकाळी तिकडे जाऊन या. दगडांना हात लावा, पण तिथून खडासुद्धा उचलू नका.

तिसरी पायरी: जंगल

इथं मात्र घाई करायची नाही. निसर्गाच्या मराठी पुस्तकांत विदर्भाचं जंगल जितकं उतरलं आहे, तितकं दुसऱ्या कुठल्या प्रदेशाचं क्वचितच उतरलं असेल, आणि नागपूरचा वाचक या बाबतीत खरोखर भाग्यवान आहे.

सुरुवात मारुती चितमपल्लींपासून. जन्म सोलापूरचा, आयुष्य वनखात्यात, त्यातला मोठा काळ नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटात आणि निवृत्तीनंतर बरीच वर्षं वास्तव्य नागपुरात. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. नवख्यानं आधी ‘रानवाटा’ किंवा ‘जंगलाचं देणं’ घ्यावं, दोन्हींत छोटे लेख आहेत. पुढे ‘नवेगावबांधचे दिवस’. ‘चकवाचांदण’ हे त्यांचं आत्मचरित्र जाडजूड आहे, ते हाती घ्यायची घाई नको. आधीच्या लेखांतली माणसं आणि ठिकाणं ओळखीची झाली की त्याचा स्वाद वेगळाच लागतो. त्यांचा ‘पक्षीकोश’ मात्र पहिल्या दिवसापासून टेबलावर असावा. पक्ष्यांची स्थानिक नावं त्यांनी रानातल्या माणसांकडून मिळवली, आणि ती नावं टिकली याबद्दल आपण त्यांचं ऋण मानायला हवं.

चितमपल्ली वाचताना एक सवय लावून घ्या. पानाच्या कडेला पेन्सिलीनं तीन खुणा करा: हे लेखकानं स्वतः पाहिलं, हे कुणी सांगितलं, हे जुन्या ग्रंथात वाचलं. त्यांच्या लेखनात तिन्ही एकमेकांत विणलेलं असतं आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. पण पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करता येणं हे निसर्गाच्या वाचकाचं पहिलं कौशल्य. ते शिकायला यापेक्षा प्रेमळ गुरू मिळणार नाही.

मग एकाच जागेवरची दोन पुस्तकं शेजारी ठेवा. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आणि किरण पुरंदरे यांचं ‘सखा नागझिरा’. दोघेही बाहेरून येऊन त्या जंगलात राहिले. माडगूळकरांकडे चित्रकाराची आणि कथाकाराची नजर, वाक्यं मोजकी. पुरंदऱ्यांकडे पक्षिनिरीक्षकाचा कान आणि रोजच्या नोंदींची चिकाटी. एकाच तलावाकाठी दोन माणसांना काय वेगळं दिसतं हे पाहणं मला या साऱ्या वाचनातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. दोन्ही वाचून झाल्यावर नागझिऱ्याला जाऊन या, म्हणजे तिसरी नजर तुमची असेल. फक्त वाघ शोधत फिरू नका. पाणवठ्यावर थांबा, ऐन आणि धावडा ओळखता येतात का बघा.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ एका बैठकीत वाचायचं पुस्तक नाही. बारा महिन्यांचे लेख आहेत, त्या त्या महिन्यात तो तो लेख काढा. चैत्राचा लेख वाचून महाराजबागेत किंवा सेमिनरी हिल्सवर चक्कर मारा आणि आपल्याकडे पळस, मोह, शाल्मली कधी फुलले ते मागच्या कोऱ्या पानावर लिहा. वर्षाअखेरीस नागपूरचं एक छोटंसं ऋतुचक्र हाती येतं.

जंगल म्हणजे फक्त पशुपक्षी असा समज होऊ नये म्हणून मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावची’ याच पायरीवर वाचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कसा मिळवला आणि तो कारभार कसा चालवला, त्याची ही कथा. वनहक्क, ग्रामसभा, बांबू हे विषय वर्तमानपत्रात रुक्ष वाटतात, इथं ते माणसांसह भेटतात.

इंग्रजी वाचता येत असेल तर शेवटी जेम्स फोर्सिथचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’. हे १८७१ मध्ये आलं आणि त्याच वर्षी तो वारला. सातपुडा, पचमढी, साग आणि साल यांच्या सीमा यांचं त्याचं वर्णन आजही थक्क करतं. पण तो शिकारी होता आणि साम्राज्याचा अधिकारीही. गोंड-कोरकूंविषयीची त्याची विधानं, जंगल म्हणजे उत्पन्नाचं साधन हा त्याचा हिशेब, हे डोळे उघडे ठेवून वाचायचं. म्हणूनच बोकील आधी आणि फोर्सिथ नंतर.

चौथी पायरी: पाणी अडवणारी माणसं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात हजारो जुने तलाव आणि बोड्या (छोटे तलाव) आहेत. सरकारी भाषेत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले, बोलण्यात मामा तलाव. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. जमीन कशी उतरते, पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे सोडायचा आणि एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात कसं न्यायचं, हे शास्त्र कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आधीचं आहे.

यासाठी अनुपम मिश्र यांचं ‘आज भी खरे हैं तालाब’ वाचा. हिंदीत आहे, १९९३ मध्ये आलं, लेखकानं त्यावर कॉपीराइट ठेवला नाही, त्यामुळे ते मोफत आणि सहज मिळतं. नागपूरकराला हिंदीची अडचण नसते. तलावाच्या प्रत्येक भागाला नाव असतं आणि प्रत्येक नावामागे एक काम असतं, हे या पुस्तकानं जितकं समजतं तितकं कुठल्या अहवालानं समजत नाही.

अहवालही वाचायला शिकलं पाहिजे, आणि त्यासाठी गॅझेटियर, म्हणजे प्रांताची किंवा जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तकं. चार्ल्स ग्रँटनं संपादित केलेलं मध्य प्रांताचं गॅझेटियर १८७० चं, आर. व्ही. रसेलचं नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं, आणि स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारनं काढलेलं तिसरं. पहिली दोन इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, राज्याचं दर्शनिका (गॅझेटियर) विभागाच्या संकेतस्थळावर. सलग वाचायला गेलात तर चाळीस पानांत दमाल. एक गाव किंवा एक नदी निवडा आणि तिन्हींत तीच नोंद काढा. चंद्रपूर ‘चांदा’ या नावाखाली मिळेल. अंतर मैलांत, क्षेत्र एकरांत आणि चौरस मैलांत असेल, त्याचं रूपांतर वहीत करून ठेवा. पाऊस, तलाव, पिकं आणि वाटा या चार बाबी तिन्ही काळांत कशा बदलल्या एवढंच शोधा. या एका सरावानं जेवढं हाती लागतं, तेवढं दहा लोकप्रिय पुस्तकांत लागत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

पुस्तकं मिळवायची कुठे

विदर्भ साहित्य संघ सीताबर्डीतच आहे, तिथून सुरुवात करा. शासकीय विभागीय ग्रंथालय आणि विद्यापीठाचं ग्रंथालय जुन्या इंग्रजी पुस्तकांसाठी. सदस्य होताना संदर्भ विभागाचे नियम आधी विचारून घ्या, कारण जुने खंड बहुधा घरी देत नाहीत, तिथंच बसून टिपणं काढावी लागतात. ग्रंथपालाला नाव सांगण्यापेक्षा विषय सांगा. ‘वैनगंगेवर काही आहे का’ असं विचारलं की यादीत न दिसणारी गोष्ट हाती येते. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. १८६३ पासून उभा असलेला आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, दुसऱ्या पायरीनंतर पुन्हा एकदा पाहण्यासारखा आहे.

पाचवी पायरी: रूळ आणि गिरणी

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाड-नागपूरचा कापूस हवा झाला आणि रुळांची घाई वाढली, हे सूत्र लक्षात ठेवलं की तारखा आपोआप जागेवर बसतात. इयन केर यांचं ‘बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज’ हे पुस्तक रूळ टाकणाऱ्या मजुरांबद्दल आहे. घाटातल्या बोगद्यांची वाहवा करण्याआधी ते वाचावं. बाकी मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय मुलांना घेऊन पाहा. ७६२ मिलिमीटर रुंदीचा रूळमार्ग किती अरुंद असतो हे पुस्तकात कळत नाही.

सहावी पायरी: समुद्र

नागपूरचा समुद्राशी संबंध काय, असं विचारणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्यात.

पहिली, १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातून अर्धं शतक बंगालच्या उपसागराकाठचा कारभार चालला. देवगावच्या तहात तो मुलूख इंग्रजांकडे गेला.

दुसरी, कापूस समुद्रापर्यंत नेण्यासाठी एकेकाळी गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून बोटींचा जलमार्ग करायची योजना प्रत्यक्षात सुरू झाली होती. वाटेत खडकांचे मोठे अडथळे होते. ते ओलांडायला भद्राचलमजवळच्या दुम्मागुडेमला बंधारा आणि बोटी चढवण्या-उतरवण्याचं जलद्वार बांधलं. तोवर रेल्वे आली, खर्च फुगला आणि १८७१ मध्ये योजना सोडून दिली. ग्रँटच्या गॅझेटियरमधली गोदावरीची नोंद त्याच उमेदीच्या काळातली आहे. पुढे काय झालं हे माहीत असलेल्या आपल्याला ती वाचताना हुरहुर लागते. फसलेल्या योजना अभियांत्रिकीच्या इतिहासात फार शिकवतात आणि त्यांच्यावर फार कमी लिहिलं जातं. त्याच नदीवर खाली धवळेश्वरमला इंग्रज अभियंता आर्थर कॉटननं १८४७ ते १८५२ या काळात बांधलेला बंधारा मात्र यशस्वी झाला आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश भातानं भरला. एकाच नदीवरची ही दोन कामं एकत्र वाचा.

तिसरी, मनसर-रामटेक-बालाघाटच्या पट्ट्यातलं मँगनीज. ते जहाजावर चढवायला पूर्व किनाऱ्यावर जवळचं बंदर हवं होतं. रायपूर-विजयनगरम हा रेल्वेमार्ग १९३१ मध्ये पूर्ण झाला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचं बंदर खुलं झालं. मध्य प्रांताच्या मालाला समुद्राचा दरवाजा देणं हा त्या बंदरामागचा एक मोठा हेतू होता.

एवढी पूर्वतयारी झाली की पश्चिम किनाऱ्याकडे वळा. डॉ. बी. के. आपटे यांचं मराठ्यांचं आरमार आणि व्यापारी जहाजं यांवरचं इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये साहित्य संस्कृती मंडळानंच काढलं. ते अभ्यासकाचं पुस्तक आहे, गोष्टीसारखं धावत नाही. गोष्ट हवी तर मनोहर माळगावकरांचं कान्होजी आंग्र्यांवरचं, १९५९ चं. आधी माळगावकर वाचून कुतूहल तापवा, मग आपट्यांकडे जाऊन पुरावा तपासा. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यामुळे पुढच्या काळात यांवर घाईघाईनं लिहिलेली पुस्तकंही भरपूर येतील. घेण्यापूर्वी शेवटची पानं उघडा. संदर्भसूची, नकाशा आणि शब्दसूची यांपैकी एकही नसेल तर ते पुस्तक ग्रंथालयातून वाचा, विकत घेऊ नका.

वही कशी ठेवायची

एका नदीला एक वही. डाव्या पानावर पुस्तकातलं, पान क्रमांकासह. उजवं पान रिकामं सोडा, तिथं प्रत्यक्ष जागेवर पाहिलेलं येईल, तारखेसह. पुस्तकातला आकडा आणि फलकावरचा आकडा जुळला नाही तर दोन्ही लिहा आणि दोन्हींचं साल लिहा. एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी बाहेर पडणं अशक्य असतं तेव्हा, गॅझेटियर आणि अहवाल वाचून घ्या. पावसाळ्यात जंगलाची पुस्तकं. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हिंडायचं: आधी अंबाझरी आणि जुनापाणी, मग अंभोऱ्याचा संगम, नवेगावबांध, गोसीखुर्दचं धरण. सिरोंचा दूर आहे, त्यासाठी दोन-तीन दिवस हाताशी ठेवा आणि सोबत नकाशाचं ते पहिलं निळ्या रेघेचं पान न्या. त्यावर तोवर बरीच पुढची पानं चिकटवावी लागली असतील.